अलमट्टीची दारं आणि आपला पूर

पंचगंगा पात्राबाहेर आली की दरवर्षी तोच मेसेज फिरतो: 'कर्नाटक अलमट्टीची दारं उघडत नाही म्हणून सांगली-कोल्हापूर बुडतं. दारं उघडली की तासाभरात पूर उतरेल. दोन राज्यांच्या समन्वयाच्या बैठका म्हणजे नुसतं चहापाणी.' आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो एका पावसाळ्यात चारदा तरी येतोच.

अलमट्टी म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात कृष्णेवर असलेलं धरण. ते काठोकाठ भरलं तरी पाणी समुद्रसपाटीपासून 519.6 मीटरवर असतं. सांगली शहर साधारण 550 मीटरवर, कोल्हापूर त्याहून वर. गावात शिरलेलं पाणी अलमट्टीच्या पातळीपेक्षा कितीतरी वर असतं, धरणामागे तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा इतका मागे चढत नाही. 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही अलमट्टीला जबाबदार धरलं नाही. तिने बोट ठेवलं ते अतिवृष्टीवर आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर. आता ही कर्नाटकाला क्लीन चिट आहे असं कुणी समजू नये. धरणाची उंची 524.256 मीटरपर्यंत न्यायला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि मला तो रास्त वाटतो. पण तो वेगळा वाद.

'तासाभरात उतरेल' याला तर काही आधारच नाही. 2019 मध्ये अलमट्टीतून लाखो क्युसेक पाणी जात असतानाच सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. तिथली धोका पातळी 45. आणि 'कुणीतरी दार दाबून धरलंय' म्हणणाऱ्यांनी एकदा कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणावर जाऊन यावं. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक. कुणाला फोन करावा लागत नाही. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याला खालच्या कुठल्या दाराने काय उत्तर द्यायचं?

राहिलं चहापाणी. मेसेजमधलं हेच वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं.

अलमट्टीत जागा करायची तर ती पूर यायच्या आधी करावी लागते. त्यासाठी तिथल्या अभियंत्याला आधी कळायला हवं की वर घाटमाथ्यावर किती पडलाय, कोयना धरणातून किती सोडणार, कोल्हापूरजवळ पंचगंगेवरचा राजाराम बंधारा 39 फुटांची इशारा पातळी कधी ओलांडणार. कोयनेचं पाणी सांगलीत यायला साधारण एक दिवस जातो, अलमट्टी तर त्याच्याही पुष्कळ पुढे. म्हणजे मधले दिवस हातात असतात, पण आकडा वेळेवर खाली पोचला तरच. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळी आपोआप कळवणारी केंद्रं महाराष्ट्राने बसवली आहेत. केंद्रीय जल आयोगाचे पूर-अंदाजही असतात. ते बेळगाव-विजापूरकडे गेले नाहीत, तर तिथला माणूस धरण भरून घेणारच. त्यालाही उन्हाळ्यात शेतीला पाणी द्यायचंय. पूर आल्यावर 'दारं उघडा' म्हणून ओरडायचं आणि पूर येण्याआधी आकडे द्यायच्या बैठकीला हसायचं, हे कसं जमतं?

सीमेपलीकडे कर्नाटकातल्या चिकोडी, अथणीत काय बोलतात ते ऐका. तिथे ओरड असते: 'महाराष्ट्राने पाणी सोडलं, आम्ही बुडालो.' त्यांच्या लेखी आपली कोयना म्हणजेच अलमट्टी. तिथला शेतकरी जनावरं सोडायला रात्रीच उठायचं की सकाळी, हे कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी सुटतंय त्यावर ठरवतो. तो बंधारा शिरोळ तालुक्यात, आपल्या हद्दीत. तिथून पुढे नदी कर्नाटकात जाते.

आमच्या ग्रुपवर राजाराम बंधाऱ्याचा फोटो सकाळी सहाला येतो. राजापूरचा आकडा आजवर कुणी टाकलेला नाही.