आक्षेप असल्यास कळवावे

प्रेमावरचा माझा विश्वास उडाला त्याला बरीच वर्षे झाली, पण प्रेमपट पाहण्याची सवय काही सुटलेली नाही. शुक्रवारी रात्री ऑफिसचा लॅपटॉप मिटला की इंग्लंडमधल्या या घरात मी गुडघ्यांवर पांघरूण घेऊन एखादा प्रेमपट लावते, पहिला तासभर नायकाच्या बोलण्यातल्या खोट्या जागा मोठ्याने दाखवत राहते (ऐकायला कोणी नसते, हे सोयीचेच आहे) आणि शेवटच्या दहा मिनिटांत डोळे पुसते. देव न मानणाऱ्या माणसाने अभंग ऐकून गहिवरावे, तसे हे आहे. त्याला कोणी ढोंगी म्हणत नाही, तेव्हा मलाही म्हणू नये.

हे आज लिहायला बसले याला निमित्त झाले ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरच्या एका वादाचे. प्रेमविवाहाला आईवडिलांची लेखी संमती कायद्याने सक्तीची करावी, कारण सिनेमांनी मुलांची डोकी फिरवली आहेत, असा मजकूर कोणीतरी पुढे पाठवला होता. मागणी तशी नवी नाही. घटनेच्या चौकटीत बसत असेल तर अशा तरतुदीचा अभ्यास करू, असे गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे म्हटले होते. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाह केलेल्या मुली आणि त्यांचे माहेर यांची माहिती घेण्यासाठी एक समन्वय समिती नेमली. पहिल्या आदेशात आंतरजातीय विवाहही होते, ते टीका झाल्यावर लगेच वगळण्यात आले. उत्तराखंडात तर जानेवारी २०२५ पासून लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची आहे, आणि दोघांपैकी कोणी एकवीस वर्षांखालील असेल तर तशी खबर आईवडिलांना दिली जाते. गटावरच्या वादाचा शेवट एका काकांनी केला. त्यांनी लिहिले, “सिनेमातले प्रेम तीन तासांचे असते. पुढे काय होते ते घटस्फोट झालेल्यांना विचारा.”

गटावर घटस्फोट झालेली मी एकटीच आहे. मला कोणी काही विचारले नाही, म्हणून इथे सांगते. माझा प्रेमविवाह नव्हता. पत्रिका पाहून, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी बैठकीत बसून ठरवलेले ते लग्न होते. ते मोडले तेव्हा ‘बघा, ठरवून केलेल्या लग्नाचे काय होते’ असे एकाही काकांनी म्हटल्याचे मला आठवत नाही. तेव्हा सगळा दोष माझ्या नशिबाला गेला. प्रेमविवाह मोडला की मात्र अख्खे प्रेमच मोडीत काढले जाते.

काकांचा आणि माझा अविश्वास वरवर सारखा दिसतो, आणि म्हणूनच मला त्याची अडचण होते. प्रेम टिकत नाही, असे तेही म्हणतात आणि मीही म्हणते. पण माझे मत एका घरात दहा वर्षे राहून झालेले आहे आणि ते मी स्वतःपुरते वापरते. काकांच्या मताला कशातूनच जावे लागलेले नाही. ते दुसऱ्याच्या मुलीला दारातून परत फिरवण्यासाठी लागते, एवढाच त्याचा उपयोग आहे.

घटस्फोट मी इथल्या न्यायालयातून घेतला, २०१७ मध्ये. ‘आमचे जमत नाही’ एवढे कारण तेव्हाच्या इंग्लिश कायद्याला तातडीने चालत नसे. थांबायचे नसेल, तर व्यभिचार किंवा ‘असह्य वर्तन’ दाखवावे लागे. नाहीतर दोघांची संमती असेल तर दोन वर्षे आणि नसेल तर पाच वर्षे वेगळे राहून दाखवावे लागे. मला थांबायचे नव्हते. वकीलबाईंनी वर्तनाची चार-पाच उदाहरणे लिहून आणायला सांगितली आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती लिहिली. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते की, आम्ही जेवताना बोलत नाही. बाई म्हणाल्या, एवढ्याने भागणार नाही, जरा ठसठशीत काहीतरी हवे. मग एका साध्यासुध्या, घुम्या माणसाचा मी पाच परिच्छेदांत खलनायक केला. सिनेमावाल्यांना आपण नावे ठेवतो, पण खलनायकाशिवाय गोष्ट पुढे सरकू नये ही सोय कायद्यालाही हवी होती. ६ एप्रिल २०२२ पासून तिची गरज उरलेली नाही. आता दोघे मिळूनही अर्ज करू शकतात आणि कोणाचा दोष सांगावा लागत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये, सावरण्यापलीकडे गेलेले लग्न आपण आपल्या विशेष अधिकारात मोडू शकतो, असा निर्णय दिला, तेव्हा आता घरे पत्त्यांसारखी कोसळणार, असे त्याच गटावर लिहून आले होते. आमचे घर कोसळले तेव्हा आवाजसुद्धा झाला नव्हता.

इतके होऊनही शेवटच्या दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांना पाणी का येते, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आहे. इंग्रजी प्रेमपटांनी येत नाही, हे आधी ध्यानात आले. त्यांतला नायक विमानतळावर धावत सुटतो, सुरक्षारक्षकांना चुकवतो, पण त्याच्या वाटेतला खरा अडथळा त्याचे स्वतःचे मन असते. दोघे एकमेकांचे व्हावेत की नाही हे दोघांनीच ठरवायचे असते आणि ते ठरवायला त्यांना दीड तास लागतो. आपल्याकडे ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ घ्या. दोघांचे मन अर्ध्या वाटेवरच पक्के झालेले असते. मुलीची आई स्वतः सांगते की पळून जा, तरी नायक नाही म्हणतो; बापाने दिली तरच नेईन, असा त्याचा हट्ट. १९९५ चा हा सिनेमा सुरू होतो तो याच देशात, लंडनमध्ये दुकान चालवणाऱ्या बापाच्या घरी, आणि संपतो तो चालू गाडीपाशी, बापाने मुलीचा हात सोडला त्या क्षणी. मला रडू येते ते त्या सुटलेल्या हातावर. ती पुढे कोणाचा हात धरते याच्याशी माझे फारसे देणेघेणे नसते. प्रेमपट म्हणून आपण जे पाहतो ती बहुतेक वेळा परवानगीची गोष्ट असते, आणि परवानगीवरचा विश्वास उडायला प्रेमभंग पुरत नाही.

ऑफिसातल्या एका इंग्लिश मैत्रिणीला मी हा सिनेमा दाखवला. तिने गाणी आवडीने पाहिली, मोहरीच्या शेताची तारीफ केली आणि मध्यंतरानंतर विचारले, “पण ती सज्ञान आहे ना? मग अडले कुठे?” मला याचे एका वाक्यात उत्तर देता येईना. पुढच्या आठवड्यात मी तिला ‘सैराट’ दाखवला. २०१६ च्या त्या सिनेमात पळून गेलेले दोघे परक्या शहरात खरोखरच संसार मांडतात, भांडतात, संशय घेतात, दुरावतात आणि पुन्हा जुळतात. बाकीचे प्रेमपट जिथे पडदा टाकतात तिथून हा पुढे चालत राहतो. माझ्यासारखीला त्यातले सगळ्यांत पटलेले प्रेम तेच, गाण्यातले नव्हे. शेवटी माहेरचे लोक घरी येतात. सिनेमा संपल्यावर मैत्रिणीने पुन्हा तो प्रश्न विचारला नाही, आणि मलाही काही बोलवेना.

इकडे सगळे मोकळे, असे मात्र मी लिहिणार नाही. इथला नागरिक परदेशी माणसाशी लग्न करून त्याला इथे आणू पाहतो तेव्हा बापाच्या जागी गृहखाते उभे राहते. नाते खरे असल्याचे पुरावे मागितले जातात आणि जोडपी वर्षानुवर्षांचे निरोप, विमानाची तिकिटे, एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवलेले फोटो तारखेनिशी लावून देतात. वर किमान मिळकतीची अट आहे. ती एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेली. प्रेमाविषयी इतका पक्का अविश्वास बाळगणारे खाते पाहिले की माझा मला हौशी वाटू लागतो.

यंदा माझ्या भाचीचे लग्न ठरले. ती इथेच जन्मलेली, मुलगाही इथलाच, दुसऱ्या धर्माचा. नोंदणी कार्यालयात नोटीस द्यायला तिने मला सोबत नेले. आत दोघांना वेगवेगळे बोलावून एकमेकांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, व्यवसाय विचारण्यात आले. नोटीस अठ्ठावीस दिवस जाहीर राहणार, कायदेशीर आक्षेप असेल त्याने तेवढ्या मुदतीत तो नोंदवावा, असे अधिकारीबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या पाठीवर काटा आला. आपल्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही हेच आहे. तिथे दिवस तीस. तोही कागद कार्यालयात ठळक जागी लावतात. आक्षेप तिथेही केवळ कायद्यातल्या अटींवर घेता येतो. आईवडिलांना पसंत नाही, हे कारण त्यात बसत नाही. तरी त्या तीस दिवसांत कागदाचे फोटो कोणाकोणाच्या हाती पडतात आणि मुलीच्या घरी कोण कोण जाऊन उभे राहते, याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही जाहीर नोटीस जोडप्याच्या इच्छेवर सोडली ती त्यामुळेच. कायद्याची कलमे जवळजवळ जुळी आहेत. वेगळा आहे तो कागद वाचणारा.

बाहेरच्या फलकापाशी मी मुद्दाम दहा मिनिटे थांबले. तीन जण येऊन गेले. एकाने घड्याळ पाहिले, एकीने मुलाच्या बुटाची नाडी बांधली, तिसऱ्याने स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारले. भाची गाडीत बसताना म्हणाली, “मावशी, खरंच कोणी आलं तर?” मी तिला सांगितले की कोणी येणार नाही, आणि स्वतःच्या आवाजातली खात्री ऐकून मलाच नवल वाटले.

एकोणतिसाव्या दिवशी तिचा फोन आला. कोणाचाही आक्षेप आला नव्हता. ती हसत होती, पण लहानपणापासून माझ्या शेजारी बसून हिंदी सिनेमे पाहिलेली पोर ती, थोडे थांबून म्हणाली, “एक तरी यायला हवा होता गं.” त्या शुक्रवारी ती माझ्याकडे राहायला आली. सिनेमा कोणता लावायचा यावर आमचे बराच वेळ एकमत होईना.