वायफाय चौथ्या दिवशी परत गायब: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

"सहाशे रुपये घेतले, ड्रायव्हर टाकून दिला, चौथ्या दिवशी वायफाय परत गायब." तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि चूक आमची आहे. लॅपटॉप आम्ही चार्जर लावून तासभर चालवला आणि ओके म्हणून दिला. तुमचं वायफाय जातं ते बॅटरीवर, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर. तसं आम्ही एकदाही तपासलं नाही. पैसे परत करतो.

मोबाइलवर नेट चालू असतं आणि लॅपटॉपवर वायफायचं बटणच दिसत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. नुसतं नेटवर्कचं नाव गेलं असतं तर आधी राउटर बघायचा. बटणच जातं म्हणजे विंडोजला वायफायचं कार्ड (लॅपटॉपच्या आतला वायफायचा भाग) सापडत नाही, आणि तिथे नुसता ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकून बहुतेक वेळा भागत नाही.

आता वायफाय गेलं की स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स' बघा. वायफाय कार्डाच्या नावावर पिवळी खूण असेल तर ड्रायव्हरवर संशय. नाव फिकट दिसत असेल तर कार्ड प्रतिसादच देत नाहीये. मग शटडाऊन करा, चार्जर आणि यूएसबीची सगळी जोडणी काढा, पॉवर बटण 30 सेकंद दाबून धरा आणि चालू करा. रीस्टार्टने हे काम होईलच असं नाही, कारण त्यात बऱ्याचदा कार्डाचा वीजपुरवठा तुटतच नाही.

परत आलं, तर कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवरची वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी टिक काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब नसतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअपही बंद करा. तो चालू असला की शटडाऊन पूर्ण होत नाही.

एवढं करूनही गेलं तर मागचं झाकण उघडावं लागेल. कार्ड जेमतेम 22 बाय 30 मिलिमीटरचं, एका स्क्रूवर बसलेलं. ते काढून सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या आणि स्लॉटमध्ये शेवटपर्यंत सरकवून बसवायचं. अँटेनाची वायर निघाली तर रेंज पडते, कार्ड गायब होत नाही. त्यामुळे नुसत्या वायरी दाबून देणाऱ्याला कृपया पैसे देऊ नका. कार्ड बदलायचं झालं तर मॉडेल जुळवूनच घ्यावं लागतं: इंटेलचं एएक्स 210 आणि एएक्स 211 दिसायला सारखंच, पण 211 फक्त त्यासाठीच्या इंटेल बोर्डवर चालतं.

लॅपटॉप घेऊन या. तपासणी आणि सफाईचे पैसे नाहीत. कार्ड लागलंच तर आधी तुम्हाला विचारू. यावेळी चार्जर काढून, निदान दहा वेळा झाकण मिटून-उघडून, तुमच्या समोर तपासून देऊ.