वाळीत टाकायला आधी बाप्तिस्मा लागतो

आमिश, म्हणजे अमेरिकेत जुन्या साध्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ. त्यांच्यावर बेतलेल्या रहस्यकथांबद्दलचा एक फॉरवर्ड वाचनगटांतून फिरतोय. काल तो मावशीकडून आला, वर 'बापरे!' लिहून. मावशी आता न्यू जर्सीला लेकीकडे निघालीय, तिथून पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला, आमिशांच्या भागात, फिरायला जाणार. तिथल्या माणसांकडे हे डोक्यात धरून बघायला नको, म्हणून त्या फॉरवर्डमधली विधानं एकेक करून तपासायचा हा खटाटोप.

'आमिश बायकांनी चोरून लिहिलेल्या सत्यकथा.' छे! बहुतेक लेखिका आमिश नाहीतच, इव्हँजेलिकल, म्हणजे वेगळ्याच प्रोटेस्टंट प्रवाहातल्या ख्रिस्ती आहेत. व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांचं आमिश प्रेमकथांवर २०१३ सालचं अख्खं पुस्तक आहे, ते चाळा. लिंडा बायलर खरोखरच्या आमिश, पण त्या उघडपणे लिहितात.

'सोळाव्या वर्षी पोरगी शहरात पळते, मग कायमची वाळीत. आई मरेपर्यंत बोलत नाही.' हा सगळ्यात घातक मूर्खपणा. सोळाच्या सुमारास रुमस्प्रिंगा, म्हणजे बाप्तिस्म्याआधीचा थोड्या मोकळीकीचा काळ, सुरू होते, पण बहुतेक पोरं राहतात घरीच. रविवारी संध्याकाळी बरोबरीच्यांत गाणी म्हणायला जातात. बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत (चर्चमध्ये) रीतसर सामील होण्याचा विधी, त्यानंतर, साधारण अठरा ते बावीसच्या दरम्यान, स्वतःच्या मर्जीने. त्यात दिलेला शब्द मोडला तरच बहिष्कार. आधीच घर सोडलं तर आई रडेल, पण पोरगी आली की पान एकाच टेबलावर मांडेल. बाप्तिस्मा झालेल्यालाही आधी समज, मग मुदत, मग मंडळीचं मत. त्यानंतर त्याच्याबरोबर जेवायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही. बोलायला मात्र बंदी नाही. काही घरांत दोन टेबलं चार बोटांची फट ठेवून लावतात आणि वर एकच टेबलक्लॉथ अंथरतात: नियमही पाळला, लेकही शेजारी जेवला. कौटुंबिक नाट्य त्या फटीत आहे. चुकीची कबुली देऊन परतला, तर बहिष्कार उठतो. त्यामुळे बाप्तिस्मा न झालेल्या पोरीच्या बहिष्कारावर खुनाचा हेतू उभा केलात, की कथानक तिथेच कोसळलं.

'पोलिसांकडे जातच नाहीत.' अर्धं खरं, मान्य. कोर्टकचेरी टाळतात, शपथ घेत नाहीत. पण २०११ साली ओहायोत बर्गहोल्झ इथल्या एका फुटीर आमिश गटाने इतर आमिशांच्या दाढ्या कापल्या, तेव्हा आमिशांनीच साक्षी दिल्या आणि २०१२ साली सोळा जण दोषी ठरले. (द्वेषगुन्ह्याचे आरोप २०१४ साली अपिलात टिकले नाहीत, ती वेगळी भानगड.)

'फोनच नसतो.' घरात नसतो. लँकेस्टरकडे तो रस्त्याकडेच्या खोपटात असतो, बऱ्याचदा दोन-चार घरांत मिळून एक, व्हॉइसमेलसकट. एकाचा निरोप दुसऱ्याच्या कानी पडू शकतो. रहस्यकथेला आणखी काय हवं?