कावीळ बी ची लस 'दुसऱ्यांच्या विषाणूची' आहे का?

सध्या एक मजकूर फोनवरून फोनवर फिरतोय: 'हेपॅटायटिस बी चे दहा प्रकार आहेत, प्रत्येक खंडाचा वेगळा. लस मात्र एकाच, युरोपीय प्रकारापासून बनते, म्हणून इतरांना तिचा उपयोग नाही. शिवाय विषाणू सतत बदलतो, मग लस घ्यायची कशाला?' यातला बराच तपशील खरा आहे आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. खऱ्या तपशिलाच्या आधाराने चुकीचा निष्कर्ष सहज गळी उतरतो.

'दहा प्रकार.' जवळपास बरोबर. या विषाणूचा जनुकसंच जेमतेम ३,२०० अक्षरांचा. त्यात साधारण आठ टक्के फरक पडला की वेगळा जीनोटाइप, म्हणजे जनुकीय प्रकार, धरतात. ए ते एच हे आठ सर्वमान्य आहेत. आय आणि जे यांच्याबद्दल वाद आहे. जे तर एकाच जपानी रुग्णात सापडला.

'प्रत्येक खंडाचा वेगळा.' नाही. बी आणि सी पूर्व व आग्नेय आशियात, ई पश्चिम आफ्रिकेत, एफ आणि एच अमेरिका खंडांत जास्त आढळतात, हे खरं. पण डी भूमध्य समुद्राभोवती, मध्यपूर्वेत आणि भारतातही आहे, ए युरोपात आणि आफ्रिकेतही. हा नकाशा माणसांच्या स्थलांतराचा आहे. आफ्रिकेतला ए१ हा उपप्रकार ब्राझील आणि हैतीत आढळतो, तो गुलामांच्या जहाजांबरोबर गेला असं मानतात. ई मात्र तिकडे क्वचितच दिसतो, म्हणून तो पश्चिम आफ्रिकेत बराच नंतर पसरला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

'लस एकाच प्रकाराची, म्हणून निरुपयोगी.' यीस्टमध्ये तयार होणाऱ्या बऱ्याच लसींमधलं प्रथिन ए२ या उपप्रकाराचं असतं, हे मान्य. पण लस अख्खा जनुकसंच दाखवत नाही, विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन दाखवते. त्यातला 'ए निर्धारक' हा भाग (हा 'ए' म्हणजे जीनोटाइप ए नव्हे), अमिनो आम्ल क्रमांक १२४ ते १४७, सगळ्या जीनोटाइपमध्ये बराचसा सारखा असतो आणि आपली प्रतिपिंडं मुख्यतः तिथेच चिकटतात. तैवानचंच बघा. तिथे बी आणि सी चं प्राबल्य. १९८४ मध्ये नवजात बाळांना लस सुरू झाली, तेव्हा सुमारे १० टक्के मुलांच्या रक्तात विषाणूचं हे प्रथिन सापडत होतं. वीस वर्षांत ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं आणि मुलांमधला यकृताचा कर्करोगही घटला. लस घेतलेल्या काही रक्तदात्यांना ए२ व्यतिरिक्त प्रकारांचा संसर्ग झालेला आढळला आहे, हेही सांगायला हवं. पण तो लक्षणांविना आला आणि ओसरला.

'सतत बदलतो.' बदलतो खरा, कारण त्याच्या जनुकसंचाची नक्कल करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) चुका तपासता येत नाहीत. पण त्याची जनुकं एकमेकांवर चढलेली आहेत. पृष्ठभागाच्या प्रथिनाचं अख्खं जनुक त्या विकराच्या जनुकाच्या आत बसतं, त्यामुळे एक अक्षर बदललं की अनेकदा दोन प्रथिनं बिघडतात. म्हणून मोकळेपणाने बदलायला त्याला वाव कमी. 'ए निर्धारका'तल्या १४५ व्या जागेवरच्या बदलाने लसीला चकवणारे विषाणू सापडले आहेत, पण लसीकरणाला इतकी वर्षं होऊनही त्यांनी मूळ विषाणूची जागा घेतलेली नाही.

जीनोटाइपला महत्त्व आहे, ते उपचारात: इंटरफेरॉन या औषधाला ए आणि बी बरा प्रतिसाद देतात, सी आणि डी कमी. सी मध्ये यकृताच्या कर्करोगाचा धोकाही बी पेक्षा अधिक दिसतो. लस घ्यावी की नाही, हे मात्र त्यावरून ठरत नाही. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बाळांमध्ये तो कायमचा राहतो, आणि म्हणूनच पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो, आईचा जीनोटाइप कोणताही असो.