अडेनियम सडल्याच्या तक्रारीवर नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्याकडून नेलेली दोन्ही अडेनियम तीन आठवड्यांत गेली असं तुम्ही लिहिलंत. वाईट वाटलं, माफी मागतो. पण 'सडकी रोपं गळ्यात मारतात' हे वाचून रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून चार शब्द लिहितोय.

रोपं देताना दोन्ही बुंधे तुमच्यासमोर अंगठ्याने दाबून दाखवले होते. दगडासारखे टणक होते. सडका बुंधा तिथेच दबला असता. तुम्हीच टाकलेल्या फोटोत कुंड्या पागोळीखाली आहेत, खालच्या ताटल्या काठोकाठ भरल्यात. वर तुम्हीच लिहिलंय, 'रोज सकाळी न चुकता पाणी घातलं.' भर पावसात, ताई! अडेनियम कोरड्या मुलखातलं झाड, बुंध्यातच पाणी साठवतं. माती सतत चिंब राहिली की तिच्यातली हवा जाते, मुळं गुदमरतात, बुरशी धरते. सडलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून पानं माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, आणि तो आणखी एक तांब्या ओततो.

'कुणी काही सांगितलं नाही' हे मात्र पटत नाही. ताटल्या काढा, कुंड्या पावसाच्या आडोशाला पण उजेडात ठेवा, बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या, हे आमच्या मुलाने सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा फोनवर होतात. त्याच मुलाला परवा तुम्ही चार गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणालात. पोर दिवसभर गप्प होतं.

आमच्या मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जरा जास्त पडतं, ते ओल धरतं, हे कबूल. पावसाळ्यापुरती जाड वाळू वाढवू. सूचनांची चिठ्ठी द्यायचंही बघतो.

आणि दुसरं रोप टाकू नका. फोटोत त्याचा शेंडा अजून हिरवा आहे. आजच उपटून माती झटका, स्वच्छ सुरीने मऊ पडलेला भाग आत पांढरा गर लागेपर्यंत कापा. एकही तपकिरी ठिपका ठेवू नका. आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या, मग कोरड्या वाळूमिश्रित मातीत लावा. लगेच पाणी नको. हात धजत नसेल तर इकडे घेऊन या, मी स्वतः कापून देतो. पैसे घेणार नाही.