खंड्या, सळई आणि मी कापलेला फोटो

गेल्या महिन्यात खंड्याचा एक फोटो इथे टाकला होता, आठवत असेल. निळी पाठ, चोचीत मासा, आणि खाली येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला पाखरांकडे निरखून पाहायला सांगणारा दाखला. आमेनचा नुसता पाऊस पडला.

तो फोटो मी कापलेला होता.

मूळ फोटोत खंड्या गंजक्या सळईवर बसलाय. कापल्यावर सळईचं जेवढं टोक उरलं ते वाळक्या काटकीसारखं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. खाली सिमेंटचे तुकडे, फुटक्या लाद्या, आणि अर्धंअधिक बुजलेलं बावखल.

वसईबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं, पूर्वजांनी खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरींचं पाणी गोड राहतं. केळी, पानवेली, सोनचाफा, सगळं या पाण्यावर पोसलेलं. पहाटेच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) कॅमेरा घेऊन काठावर बसलं की ढोकरी, लाजरी पाणकोंबडी आपल्या पायांनी समोर येतात. बावखलं बुजली की पावसाळ्यात पाणी जाणार कुठे? जुलै २०१८ मध्ये ते घराघरांत आलं, रेल्वेच्या रुळांवर आलं, लोकल बंद पडल्या. त्या दिवसांत मी एकही फोटो काढला नाही. कॅमेरा भिजेल म्हणून!

आमचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, टँकरने उपसल्या जाणाऱ्या पाण्याविरुद्ध बोलले. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेव्हा आम्ही सगळ्यांनी छाती फुगवून पोस्टी टाकल्या. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा डोळे पुसत टाकल्या. मधल्या काळात किती वाड्या विकल्या गेल्या ते मात्र कुणी टाकलं नाही. भरावाचा ट्रक बाहेरचा असेल, पण सातबारा आपलाच होता ना? 'बाहेरच्यांनी वसई संपवली' हे वाक्य मला आताशा ऐकवत नाही.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे, हे आपल्याला तोंडपाठ. दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला, ते मात्र आपण विसरतो. राखण हा शब्द वाडीवाल्याला कुणी समजावून द्यायला नको. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपलं सामायिक घर म्हटलं. त्यावर आमच्याकडे प्रवचनं झाली, चांगली झाली. बाहेर पडून आम्ही सूर्योदयाचे फोटो पाठवले.

सूर्योदयावर माझा राग नाही, मीही काढतो. पण निसर्गाचा फोटो हे देवाच्या कामाचं स्तवन असेल, तर माणसाने त्याचं काय केलं ते कापून टाकणं म्हणजे पापकबुलीला जाऊन फक्त चांगली कामं सांगण्यासारखं आहे. स्तोत्रसंहितेत स्तुती आहे, तसा आकांतही आहेच की.

म्हणून पंधरा दिवसांपूर्वी पूर्ण फोटो आमच्या ग्रुपवर टाकला. सळई, लाद्या, सगळं. पहिलं उत्तर आलं, "सकाळी सकाळी चांगलं काहीतरी टाक रे बाबा." मग दोघांनी हात जोडलेले टाकले. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला आणि खंड्या वर सरकून गेला.

परवाच्या रविवारी देवळाबाहेर (आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) एका वयस्कर गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ते बावखल आमचं होतं. पोहायला मी तिथेच शिकलो." थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मोठा करून देशील? कापू नकोस काही."

उद्या स्टुडिओत टाकतोय. बारा बाय अठरा.