डब्यांची लोकसंख्या

आमच्या बोरिवलीच्या वन बीएचकेत माणसं 3 आणि पार्सलचे प्लास्टिकचे डबे 78. अंदाजाने नाही सांगत, एका रविवारी ओट्याखालच्या ट्रॉलीत डोकं घालून मोजलेत. झाकणं 61, त्यातलं कुठलं कुणाचं ते विचारू नका, श्रीखंडाच्या डब्यावर बटर चिकनचं झाकण बसत नाही पण आई ते बसवते आणि वरून रबर लावते.

बीएस्सीला मॅथ्स घेतलं होतं ते कधीतरी कामाला यावं म्हणून मी ह्यावर मॉडेल बसवायला घेतलं. नुसतं हॉटेलचं पार्सल असतं तर काय, आठवड्याला दोन, सरळ रेषा, विषय संपला. पण डबा रिकामा परत द्यायचा नाही हा आपल्याकडचा कायदा ना! आई चौथ्या मजल्यावरच्या काकूंना अळूवडी पाठवते, काकू त्याच डब्यात लाडू भरून पाठवतात आणि सोबत दुसऱ्या डब्यात चिवडा, कारण लाडवांना लसणाचा वास लागायला नको. म्हणजे घरात डबे जितके जास्त तितके बाहेर जाणार आणि तितकेच जास्त वाढून येणार. वाढ आहे त्या संख्येच्या प्रमाणात, झालं की एक्स्पोनेन्शियल. माल्थस नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने 1798 मध्ये लोकसंख्येबद्दल हीच भीती घातली होती, आणि त्याच्या वर तर काकू पण राहत नव्हत्या.

पण घर शेवटी मुंबईत आहे. 1838 मध्ये व्हेरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने माल्थसला ब्रेक लावला, जागा संपत आली की वाढ मंदावते आणि आलेख वर जाऊन सपाट होतो. ती वरची मर्यादा म्हणजे 'के'. आमचा के मी 80 धरला, कारण 81वा डबा ठेवला की ट्रॉली बंद होत नाही.

मग मी नको ते केलं. आई डोंबिवलीला मावशीकडे गेली होती तेवढ्यात 38 डबे भंगारवाल्याच्या गळ्यात मारले. उरले 40. ट्रॉली एका बोटाने बंद व्हायला लागली, मी उगाच तीन-चारदा उघडझाप करून बघितली.

रात्री वही काढली तेव्हा कळलं काय करून बसलोय. व्हेरहुल्स्टच्या समीकरणात वाढ सगळ्यात जोरात कधी, तर संख्या बरोबर के च्या निम्मी असताना! जागा मुबलक असतानाचा वाढीचा दर महिन्याला 20 टक्के धरला, तर जागेचा ब्रेक लागून 78 डब्यांना महिन्यात अर्धा डबासुद्धा वाढत नव्हता, 40 ला चार. मासळीचा साठा म्हणूनच निम्म्यावर ठेवा म्हणतात, भराभर वाढते. मी घरात डब्यांची शेती सुरू केली होती.

आईने आल्या आल्या ट्रॉली उघडली. मी बाथरूममध्ये. बाहेरून आवाज, "अरे वा, बरीच जागा झालीये की!" इतके दिवस जागा नाही म्हणून आइस्क्रीमचे डबे तरी टाकून द्यायची, आता तेही धुवून उपडे.

दीड वर्ष झालं, मोजणी 83. हो, के 80 च होता, पण आईने मध्ये बेडमधलं स्टोरेज रिकामं केलं, माझी बीएस्सीची पुस्तकं होती त्यात.

परवा बेल वाजली, काकू, हातात गाजर हलवा. मी चपळाईने म्हटलं, "काकू थांबा, वाटीत काढतो आणि डबा लगेच देतो."

"नको रे बाबा," म्हणत त्या दोन पायऱ्या मागे सरकल्या, "डबा राहू दे तुमच्याकडेच. आमच्याकडे ठेवायला जागा नाहीये."